तारखेआधीची लढाई

मालक कोर्टात गेला की एकदम कायद्याचा भक्त होतो, हे गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेल्या माणसाला आम्ही काय सांगावे? काल ज्याने तुमच्या शिष्टमंडळाला दारातून हाकलले, तोच आज हात जोडून म्हणतो, 'न्यायाधीश देतील तो निवाडा!' दादरा-नगरहवेलीच्या प्रकरणात पोर्तुगालच्या सालाझारने हुबेहूब हेच सोंग आणले. निकाल लोकांच्या लक्षात राहिला. पण तारीख पडण्याआधी पडद्यामागे जे घडले ते फारसे कोणी सांगितले नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. गुजरातकडच्या गाडीने वापीला उतरलात की पश्चिमेला समुद्रकाठी दमण, आणि पूर्वेला आत दादरा, त्यापुढे नगरहवेली. मध्ये हिंदुस्थानची जमीन. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि मराठी स्वयंसेवकांनी ही दोन्ही ठाणी फिरंग्याच्या हातातून काढून घेतली. दमणहून शिपाई पाठवून ती परत घ्यायची तर वाट आपल्या जमिनीवरून. हिंदुस्थान सरकारने ती वाट अडवली. झाले! बंदूक जिथे पोचेना तिथे सालाझारला कायदा आठवला. आणि हा कायदेभक्त कोण? १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रह्यांवर ज्याने गोळ्या झाडल्या तोच.

पण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार त्याला बंद होते. संयुक्त राष्ट्रांचे सभासदत्व हा त्या दाराचा सरळ रस्ता, आणि पोर्तुगालचा अर्ज रशियाच्या नकाराधिकारामुळे १९४६ पासून पडून होता. एकाच्या दोस्ताला दुसरा आत घेईना, अशी ती रशिया-अमेरिकेची रस्सीखेच. शेवटी १९५५ च्या हिवाळ्यात सौदा ठरला: तुमचे चार घ्या, आमचेही घ्या, एकगठ्ठा सगळे आत! १४ डिसेंबर १९५५ रोजी सोळा देश एकदम सभासद झाले. त्यात पोर्तुगाल होता. आणि या एकगठ्ठा सौद्याला आमसभेत हात वर करणाऱ्यांत खुद्द हिंदुस्थान होता!

आता त्या महिन्याची पाने उलटा. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांचे संयुक्त पत्रक निघाले. त्यात गोव्यासारख्या मुलखांना पोर्तुगालचे 'प्रांत' म्हटले होते. हा शब्द सहज पडलेला नव्हे. १९५१ साली सालाझारने राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असे नाव दिले होते. वसाहत म्हटली की संयुक्त राष्ट्रांना जाब द्यावा लागतो, प्रांत म्हटला की घरचा मामला. १४ ला सभासदत्व. १९ ला न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे पत्र दाखल. २२ ला हिंदुस्थानविरुद्ध दावा! सभासद झाल्यापासून आठ दिवस, पत्रापासून तीन. त्या पत्राची नक्कल दिल्लीच्या टेबलावर पोचायची होती, तोवर दावा लागला.

आम्ही आपल्या दिल्लीकरांनाही सोडणार नाही. इंग्रजी अमदानीत, १९४० साली, न्यायालयाचा अधिकार मान्य करणारे जे पत्र हिंदुस्थानच्या नावाने गेले होते तेच तोवर चालू होते. ते बदलले जानेवारी १९५६ मध्ये. बैल गेला नि झोपा केला! सौद्याला पाठिंबा द्यायला आमची ना नाही, कारण त्याच गठ्ठ्यात सिलोन आणि नेपाळही आत आले. पण ज्याला दार उघडून देता तो आत येऊन काय करणार, एवढा विचार नको? हिंदुस्थानने घाईच्या दाव्याविरुद्ध हरकती घेतल्या. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांतल्या चार फेटाळल्या गेल्या, दोन पुढच्या सुनावणीवर टाकल्या गेल्या.

मग दप्तरे निघाली. पोर्तुगालने पेशवाईतला १७७९ चा तह पुढे केला: मराठ्यांनी आम्हांला गावे दिली, राज्य दिले! न्यायालयाने कागद वाचले. बारा हजार रुपयांच्या वसुलीचा तो सरंजाम होता, वसूल खायला दिला होता, राज्य दिले नव्हते. इथेच प्रकरण मिटायला हवे होते. पण मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजाने फिरंग्याचा अंमल मुकाट्याने चालू दिला, आणि न्यायालयाने ते मौन संमती म्हणून धरले. मुकाट्याचीही अशी नोंद होते, गड्यांनो.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना, सामानसुमानाला १९५४ साली वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. फौजेला, हत्यारी पोलिसांना, दारूगोळ्याला हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात. एका मताने! वाट अडवण्यात हिंदुस्थानने कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा. सालाझारला हवे होते ते शिपाई. तेच बाहेर राहिले.

या साऱ्यात सिल्वासाचा आदिवासी कुठे होता? कुठेच नव्हता. त्या न्यायालयात वादी-प्रतिवादी फक्त सरकारे असतात. ज्यांच्या गावावरून दावा चालला ते आपल्या वरिष्ठ पंचायतीमार्फत सात वर्षे कारभार चालवीत होते. हेगमध्ये त्यांना 'तुमचे काय?' असे कोणी विचारले नाही. ११ ऑगस्ट १९६१ ला तो मुलूख हिंदुस्थानात सामील झाला.

चार महिन्यांनी गोव्यात फौजा शिरल्या आणि पोर्तुगालने पुन्हा संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली, या वेळी सुरक्षा समितीत. १८ डिसेंबर १९६१ ला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी फौजा मागे घेण्याचा ठराव मांडला. सात हात वर झाले, विरुद्ध चार. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. त्या चार हातांत एक सिलोनचा होता. सहा वर्षांपूर्वी पोर्तुगालबरोबर एकाच गठ्ठ्यातून आत आलेल्या सिलोनचा.