दीपमाळ आणि मनोरा

बीड शहरात निरीक्षण-मनोरा नाही. तो असावा, असे आमच्यापैकी काहींना अधूनमधून वाटते. पॅरिसला आयफेल आहे, दुबईला बुर्ज खलिफा आहे. तिकीट काढावे, वर जावे आणि पायाखालचे शहर एका नजरेत सामावून घ्यावे, ही इच्छा काही गैर नाही. आम्हांलाही ती होते, आणि झाली की आम्ही खंडोबाच्या टेकडीची वाट धरतो.

ही टेकडी शहराच्या पूर्वेला आहे. वर हेमाडपंती धाटणीचे मंदिर आणि त्याच्यापुढे दोन अष्टकोनी दीपमाळा, प्रत्येकी सुमारे ७० फूट उंच. त्यांच्या अंगावर माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पुष्कळशा आता भंगल्या आहेत. दीपमाळांच्या पायथ्याशी उभे राहून पश्चिमेला पाहावे, तर शहराचा पसारा, मधूनच बिंदुसरेची रेघ, मशिदींचे मिनार आणि पाण्याच्या टाक्या दिसतात. दृश्य सुरेख असते. मात्र दर वेळी एक गोष्ट मनात येते, की ज्या उंच वास्तूंपाशी आपण हे पाहत उभे आहोत, त्या पाहण्यासाठी बांधलेल्याच नाहीत. दीपमाळ बांधली जाते ती खालच्यांना दिसावी म्हणून. दिवे लावणारा वर चढतो, दिवे लावतो आणि उतरतो; उजेड मात्र गावासाठी असतो.

निरीक्षण-मनोऱ्याचा हिशेब याच्या उलट आहे. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ मध्ये आयफेल मनोऱ्यावर निबंध लिहिला. त्याच्या आरंभी मोपासाँची गोष्ट येते. मोपासाँ त्या मनोऱ्यावरच्या उपाहारगृहात जेवायला जाई. कारण तो मनोरा दिसणार नाही, अशी पॅरिसमधली ती एकच जागा होती. थट्टा सोडली तरी त्यात तथ्य आहे. मनोऱ्यावर चढलेला माणूस स्वतः दृश्यातून वजा होतो. तो पाहतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

आमच्या भागात उंचावर चढणारा माणूस निराळ्याच कारणाने चढतो. अर्ज-विनंत्या करून थकलेला एखादा इसम गावातल्या पाण्याच्या टाकीवर जाऊन उभा राहतो. १९७५च्या ‘शोले’वरून वृत्तपत्रे त्याला ‘शोले स्टाईल आंदोलन’ म्हणतात, आणि वाचणारे किंचित हसतात. तो काही शहराचे विहंगम दृश्य पाहायला गेलेला नसतो. जमिनीवर उभे राहून आपण कोणाला दिसत नाही, एवढीच त्याची तक्रार असते. दीपमाळेची उंची आणि त्याची उंची यांत नाते आहे, असे आम्हांला वाटते. दोन्ही दिसण्यासाठीच आहेत.

आणि वरून दिसत नाही ते किती! शहराबाहेर सोलापूरच्या रस्त्यालगत खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीत, सलाबतखानाच्या कारकिर्दीत ती बांधली गेली. राजा भास्कर हा तिचा स्थपती. जमिनीखालच्या कालव्यांतून पाणी बावडीत येते आणि तसेच भुयारातून, केवळ उताराच्या बळावर, पुढच्या शेतांकडे जाते. अवर्षणाच्या या मुलखातली सर्वांत बुद्धिमान वास्तू कदाचित हीच. पण टेकडीवरूनच काय, शंभर मजल्यांवरूनही तिचे मर्म दिसायचे नाही. ते कळायला पायऱ्या उतराव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. गावाकडे घरांना कुलपे लागतात, म्हातारी माणसे आणि काही मुले मागे राहतात. डिसेंबरात उंचावरून एखादे खेडे पाहा. कुलूप लावलेले घर आणि चूल पेटलेले घर यांची छपरे सारखीच दिसतात. दोन माणसांना एक कोयता मोजणारी नजरही अशीच दुरून पाहणारी आहे; जवळून पाहिले तर ही बेरीज चुकीची असल्याचे पोराच्याही ध्यानात येईल.

आमचा मनोऱ्याला विरोध आहे, असे कोणी समजू नये. उंचावरून पाहिल्याने आपले गाव एक आहे, नदी सर्वांच्या दारावरून वाहते, हे उमगते. वस्त्यावस्त्यांत वाटल्या गेलेल्या शहराला हे उमगणे आवश्यकच आहे. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. मनोऱ्यासाठी जो पैसा उभा राहू शकेल, तो आधी दीपमाळांच्या भंगलेल्या आकृतींच्या जतनाला आणि खजाना बावडीच्या कालव्यांच्या देखभालीला लागावा. मग मनोराही खुशाल बांधावा. मात्र तेथे येणाऱ्या शाळेच्या सहली वरूनच परत जाऊ नयेत. मुलांना दृश्य दाखवून झाले, की त्याच दिवशी त्यांना बावडीच्या पायऱ्या उतरायला न्यावे, आणि जमले तर कुलपे लागलेल्या एखाद्या वस्तीवरही. तिथल्या ओट्यावर बसलेली आजी त्यांना जे सांगेल, ते कोणत्याही दुर्बिणीतून दिसणारे नाही.