व्हेंटिलेटर किती, हे विचारलंत. सुटले किती, हेही विचारा

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘व्हेंटिलेटर मिळेल का?’ हा एकच प्रश्न नगर जिल्ह्यात घरोघरी होता. त्यानंतर यंत्रे आली. पण यंत्रावर गेलेला माणूस स्वतःच्या श्वासावर परत कसा येतो आणि ते काम कोण करतो, याची चर्चा मात्र झालीच नाही. ती व्हावी म्हणून हे मुद्दे.

१. व्हेंटिलेटर रोग बरा करत नाही. न्यूमोनिया असो, मण्यार चावलेली असो, फवारणीच्या औषधाची विषबाधा असो, औषधे लागू पडेपर्यंत यंत्र श्वास चालवते. तेवढ्या काळात छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा स्नायू बसून राहतो. प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक झालेला दिसतो, तसेच त्याचे होते. आणि तेही तीन दिवसांच्या आत सुरू होते, हे २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. शिवाय घशातल्या नळीमुळे नव्या न्यूमोनियाची भीती रोज असते.

२. म्हणून रोज सकाळी चाचणी हवी. आधी गुंगीचे औषध थांबवायचे. पेशंटने डोळे उघडले की सिस्टर म्हणते, “काका, माझा हात दाबा.” काका हात दाबतात. डोक्याकडची बाजू उंच करून यंत्राचा आधार अगदी कमी करायचा आणि निदान अर्धा तास पलंगाजवळ उभे राहायचे. श्वास मिनिटाला ३५च्या वर जातो का? कपाळावर घाम येतो का? मानेचे स्नायू ओढले जातात का? खोकून कफ वर येतो का? जमले, तर नळी काढण्याचा विचार. नाही जमले, तर पुन्हा आधार द्यायचा आणि उद्या परत चाचणी घ्यायची. घाईही नको, नळी काढलेल्या दर शंभरांपैकी दहा-पंधरा जणांना ती परत घालावी लागते.

३. याला महागडे उपकरण लागत नाही. १९९६ साली अमेरिकेत ३०० पेशंटवर झालेल्या अभ्यासात रोजच्या तपासणीमुळे यंत्रावरचा काळ सहा दिवसांवरून साडेचारवर आला. लागते ते माणूस. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक पेशंटमागे एक परिचारिका असावी, असा नियम तज्ज्ञ सांगतात. एकाच सिस्टरकडे चार-पाच पेशंट असतील, तर ती अर्धा तास एकापाशी कशी उभी राहणार? मग पेशंट गुंगीतच ठेवला जातो. दोष तिचा नाही, रिक्त पदांचा आहे.

४. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षाला सकाळी आग लागली. आत १७ पेशंट होते. त्या दिवशी ११ गेले. आगीची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची जबाबदारीही. पण नळी लावलेला माणूस उठून धावू शकत नाही, हे या शहराने पाहिले आहे. यंत्रावरचा एकही दिवस विनाकारण वाढू नये, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

५. ‘मशीन काढायची’ म्हटले की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. त्यांना वाटते, डॉक्टरांनी आशा सोडली. आशा संपल्यावर यंत्र बंद करणे ही वेगळी गोष्ट. माणूस बरा होतोय म्हणून ते सोडवणे अगदी उलट. हा फरक दारात उभ्या असलेल्या मुलाला मराठीत समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

६. मागण्या थोड्या आहेत. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात यंत्रखरेदीसोबत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्टची पदे भरावीत. लोणी आणि विळद घाटातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ग्रामीण रुग्णालयांच्या चमूंना हे शिकवावे. किती पेशंट यंत्रावर गेले, किती सुटले, किती दिवसांत, याचा दरमहा हिशेब जिल्हा नियोजन समितीपुढे यावा.

आणि तुमचे माणूस आत असेल, तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना हात जोडून एवढेच विचारा: “आज गुंगी कमी करून श्वासाची चाचणी घेतली का?” नसेल घेतली, तर का नाही, तेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.