हरकतीची तारीख चुकवू नका

आमच्या पिढीच्या कापड व्यापाऱ्यांना जकात नाक्याचे दिवस अजून आठवतात. सुरत-मालेगावचा माल आला की गाठोडी नाक्यावर अडायची, पावती फाडल्याशिवाय गावात शिरत नसत. उर्दू शाळेत आम्ही शिकलो ती जकात गरिबाच्या हक्काची, नाक्यावरची वेगळीच. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. नंतरचा एलबीटी महानगरपालिकांसाठी होता, बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका नसल्याने तोही आला नाही. तेव्हा पुष्कळांना वाटले, पालिकेचा हात आता आपल्या गल्ल्यापर्यंत पोहोचत नाही. व्यापारी बंधूंनो, हा गैरसमज आहे. तो हात आता घरपट्टीच्या रूपाने येतो.

घरपट्टीचा हिशोब समजून घ्या. भाडेमूल्य पद्धतीत जागेचे वर्षाचे भाडे धरतात, देखभालीसाठी १० टक्के वजा करतात आणि उरते ते करयोग्य मूल्य. समजा, एखादी खोली राहण्याची म्हणून महिना १,००० रुपये धरली, तर करयोग्य मूल्य १०,८०० होते. तीच दुकान म्हणून ३,००० धरली तर ३२,४०० होते. शिवाय बिगरनिवासी जागेवर शिक्षण कराचा दर जास्त असतो आणि रोजगार हमी कर तर फक्त बिगरनिवासी जागेलाच लागतो. म्हणजे नोंदवहीतला एक शब्द बदलला की तिप्पट भार पडतो. थकले तर महिन्याला २ टक्के शास्ती.

हे मला ठोकर खाऊन कळले. माझे दुकान खाली, राहणे वर. फेरआकारणीत सारी इमारत दुकान म्हणून लिहिली गेली. नोटीस आली, पण तिच्यातली दफ्तरी मराठी माझ्या डोक्यावरून गेली. नेहमीचे बिल समजून ती गल्ल्याखाली ठेवली. दोन महिन्यांनी गेलो तर उत्तर मिळाले, "शेठ, हरकतीची मुदत संपली." वरच्या मजल्यावर आमची चूल पेटते, तिचीही दुकानाच्या दराने पट्टी भरली. चूक लिहिणाऱ्याची होती, पण निम्मा कसूर माझाही होता.

आता सरकारी सवलतींकडे पाहा. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाने जावेत हा तिचा हेतू. २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातही विदर्भाला पहिल्या विभागात ठेवून झुकते माप दिले आहे. हेतू चांगला आहे. पण २०१९ च्या योजनेतला मोठा लाभ भरलेल्या राज्य जीएसटीच्या परताव्याचा होता, आणि तो नवे भांडवल घालणाऱ्या कारखान्यासाठी. आमच्या खामगावचा चांदी घडवणारा छोटा कारागीर, मलकापूरचा दर्जी, मेहकरचा रजई भरणारा यांची उलाढाल बहुधा जीएसटीच्या मर्यादेखालीच असते. ज्याने कर भरलाच नाही, त्याला परत काय मिळणार? घरपट्टी मात्र धंदा चालो न चालो, दरवर्षी त्याच्या दारात उभी असते.

म्हणून माझे म्हणणे असे. लहान कारागिराला खरोखर सवलत द्यायची असेल तर ती घरपट्टीतूनच द्यावी लागेल. राहत्या घराच्या ओसरीत एक-दोन मशीन चालत असतील, तर त्या घराला निवासीच दर लावावा. कोणी म्हणेल, मग पालिका चालायची कशी? प्रश्न रास्त आहे. रस्ता, पाणी, दिवा आम्हालाही हवाच. पण जी खोली दुकान नाही तिच्यावर दुकानाची पट्टी घेऊन पालिका श्रीमंत होत नाही, फक्त थकबाकी फुगते.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातले काम आपण करावे. कायद्याने हरकतीसाठी किमान तीस दिवस मिळतात. नोटीस आली की त्याच दिवशी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. जागेचे माप, मजला आणि वापर तपासा. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दर शुक्रवारी आपण एकत्र जमतो, तिथे चार माणसांनी एकमेकांच्या नोटिसा पाहिल्या तरी पुष्कळ काम होईल. कर भरण्यात कमीपणा नाही, पण न वाचता भरण्यात नुकसान नक्की आहे.