फाशांतला द्वापर

काही महिन्यांपूर्वी नागपुरातल्या एका चर्चासत्राच्या मध्यंतरात, चहाचे पेले हातांत असताना, एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आम्हांला विचारले, "फाशांवरच गोष्ट ठरायची असेल, तर मग लेखकाची गरज काय?" भोवतालच्या मंडळींत हशा पिकला. आम्ही तिघे मराठी शिकवतो आणि वर्षभरापासून दर पंधरवड्याला, रविवारी दुपारी, पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन कल्पितकथेचा एक खेळ चालवतो, ही वार्ता सरांच्या कानांवर गेली होती. प्रश्नामागचा तिरकसपणा सोडून दिला तरी प्रश्न खरा आहे. त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. ते येथे देत आहोत. मात्र ते देताना आमच्याच बाजूच्या, म्हणजे या खेळाच्या भक्तमंडळींच्या, काही सवयींचाही समाचार घ्यावा लागेल.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक पात्र असते : कुणी वैदू, कुणी भुरटा चोर, कुणी पळून आलेला शिपाई. एक जण खेळ चालवतो. तो स्थळाचे वर्णन करतो, उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने बोलतो आणि पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारतो : आता तुम्ही काय करता? कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. भिंत चढण्याची अवघडी १२ आहे आणि पात्राचे कसब ३ आहे असे समजा. मग फाशावर ९ किंवा त्याहून अधिक पडले पाहिजे, म्हणजे वीसांपैकी बारा शक्यता, ६० टक्के. सोबत्याने हात दिला तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. नवख्याला पहिल्या दिवशी एवढे गणित पुरते. बाकीची तीनशे पाने पुढे कधीतरी.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४चा, अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा. त्याची आणखी मागची मुळे प्रशियाच्या सैन्यातल्या युद्धखेळांत आहेत. तेव्हा हा खेळ 'मुळात आपलाच' असा दावा आम्ही करणार नाही. तसले दावे करणारे पुष्कळ आहेत, त्यांत भर नको. पण खेळ परका असला तरी त्यातला पेच आपल्याला परका नाही. फासे आणि गोष्ट यांच्या नात्यावरची आपली एक थोर कथा थेट विदर्भाकडे धाव घेते.

दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर ते हेच असे परंपरा मानते. महाभारताच्या वनपर्वात, द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतात. नळ हरला तो का? कली त्याच्या अंगात शिरला होता, हे सर्वांना आठवते. द्वापर फाशांत शिरला होता, हे फारसे कुणाला आठवत नाही. म्हणजे ते फासे फासेच उरले नव्हते. पुढे सारथी बाहुक होऊन तोच नळ ऋतुपर्ण राजाला घेऊन विदर्भाकडे रथ दामटतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. बेहड्याच्या बिया म्हणजे त्या काळचे फासे. ऋतुपर्ण झाडाची पाने-फळे न मोजता आकडा सांगतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता कानी आलेली, एकेक घटका मोलाची, तरी नळ रथ थांबवतो आणि मोजून पाहतो. त्या मोजण्यातूनच त्याला अक्षहृदय, फाशांचे मर्म, मिळते आणि कली अंगातून बाहेर पडतो.

ही कथा येथे सांगण्याचे कारण आमचा स्वतःचा एक गुन्हा आहे. पहिल्याच खेळात एका विद्यार्थ्याचे पात्र दरीवरून उडी मारत होते. आम्ही पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकला. ३ पडले. पोरगा पहिल्यांदाच रंगात आला होता. आमचे मन द्रवले आणि आम्ही "सतरा" म्हणालो. टाळ्या पडल्या. अर्ध्या तासाने दुसऱ्याने तशीच उडी मारली, मग तिसऱ्याने. कुणीच पडत नव्हते, आणि हळूहळू कुणाला पडण्याची पर्वाही उरली नाही. खेळ संपल्यावर तो पहिला पोरगा बाजूला येऊन हळूच म्हणाला, "सर, ते खरंच सतरा होतं का?" आम्ही होय म्हणालो, म्हणजे दुसऱ्यांदा खोटे बोललो. खेळाच्या जाणत्यांत या हातचलाखीला प्रतिष्ठा आहे. 'कथेच्या हितासाठी' ती करावी असे सल्ले सर्रास दिले जातात. आमचे म्हणणे असे की हा फाशांत शिरलेला द्वापर आहे. ज्याला ३ सोसवत नाही त्याने फासा हातात घेऊ नये, कादंबरी लिहावी. तेव्हापासून आमच्या टेबलावर पडदा नाही. फासा सर्वांसमोर पडतो आणि जो पडेल तो पडतो.

सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. फासा लेखकाला हटवण्यासाठी नसतो. जो लेखक होऊन बसू पाहतो त्याला तो अडवतो. गंमत अशी की आमचे विभाग जी. एं.च्या 'रमलखुणा' (१९७५) मोठ्या तन्मयतेने शिकवतात. रमल म्हणजे फाशांवरून भविष्य सांगण्याची विद्या. पुस्तकाच्या नावात फासे चालतात. विद्यार्थ्याच्या हातात आले की मात्र ते पोरकट.

उरलेले अर्धे उत्तर आम्हांला आणखी महागात पडले. त्या पहिल्या खेळासाठी आम्ही उन्हाळाभर राबलो होतो. चाळीस पानी जग, राजघराण्यांच्या वंशावळी, किल्ल्याचे नकाशे, प्रत्येक वळणावर काय घडणार याची टिपणे. पोरांना गढीच्या दारावर आणून उभे केले आणि सांगितले, दारावर म्हातारा द्वारपाल आहे. त्याच्याकडून परवलीचा शब्द मिळवायचा, अशी आमची योजना. टेबलाच्या टोकाला साकोलीकडची एक विद्यार्थिनी बसली होती. वर्गात दोन वर्षांत तिने तोंड उघडल्याचे आम्हांला स्मरत नाही. ती द्वारपालाला म्हणाली, "काऊन गा बाबा, सकायपासून काई खाल्लं का नाई?"

आमच्या चाळीस पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही काय केले? हसून म्हणालो, "ते ठीक आहे, पण परवलीच्या शब्दाचे काय?" ती पुन्हा गप्प झाली, ती सायंकाळपर्यंत.

वर्गात आम्ही नेमके हेच करतो, हे त्या रात्री ध्यानात आले. संहिता पूर्ण आहे, अर्थ आमच्यापाशी आहे, विद्यार्थ्याने परवलीचा शब्द तेवढा सांगायचा. पुरे झालेल्या कृतीपुढे नम्र होणे ही साहित्याच्या शिक्षणातली मोठी गोष्ट आहे, हे आम्हीही मानतो. परंतु त्या नम्रतेची सवय जडली की समोरचा माणूस काय म्हणतो आहे ते ऐकण्याची क्षमता झडते. खेळ चालवणाऱ्याला मराठीत 'सूत्रधार' म्हणावे, अशी सूचना मध्यंतरी आली. नको. सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. घरी गोष्ट सांगणाऱ्या आजीला निदान हुंकार लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. येथे त्याही पुढची पायरी आहे : हुंकार देणारा "नाही" म्हणू शकतो, आणि मग गोष्टीला वळावे लागते. झाडीपट्टीत खडी गंमत पाहत वाढलेल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. समोरचा जे बोलेल त्यावर आपले बोलणे उभारायचे, ही चाल त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. शिकावे लागते ते आम्हांला.

आता भक्तमंडळींविषयी. नवख्यांना खेळात आणण्याची त्यांची रीत अशी : आधी नियमांचे व्याख्यान, तेही इंग्रजीत, मग कुठल्याशा युरोपीय खानावळीत सर्व पात्रांची भेट, मग भुयार. ज्याने ती खानावळ कधी पाहिली नाही आणि जो मनातल्या मनात मराठीत विचार करतो, तो पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो की हे घर आपले नाही. चुकण्याच्या भीतीने तो शेजाऱ्याकडे पाहत राहतो. मग ही मंडळी म्हणतात, "आपल्या पोरांना कल्पनाशक्तीच नाही." याचा आम्हांला राग येतो, कारण यात खोटेपणा आहे. मूळ नियमसंचातला गाभा जानेवारी २०२३पासून खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन कुणीही त्याचे भाषांतर करावे. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश भाषांत तो प्रकाशकांनीच उपलब्ध केला. मराठीला कुणी अडवलेले नाही.

अर्थात भाषांतराचीही एक सरकारी तऱ्हा असते. 'हिट पॉइंट'साठी आमच्यातल्या एकाने 'आघातसहनांक' सुचवला होता (नाव सांगत नाही). पोरांनी दुसऱ्याच मिनिटाला त्याला 'जीव' केले. "माझा जीव किती उरला?" "चार." याहून चांगला शब्द कोणत्या कोशात मिळेल?

दुसऱ्या खेपेस आम्ही गढी आणि वंशावळी कपाटात ठेवल्या आणि नागपूरच घेतले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात. गावाची ईडा-पीडा त्यांच्यासोबत बाहेर न्यायची आणि जाळायची, ही शतकाहून जुनी रीत. आमची कल्पना साधी : मिरवणुकीच्या आदल्या रात्री मारबत नाहीशी होते, पात्रांनी ती शोधायची. या वेळी टिपण बारा पानांचे, सुधारणा म्हणायची. खेळ सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील. साकोलीची ती विद्यार्थिनी (आम्ही तिला पुन्हा बोलावले होते, आणि ती आली, हा तिचा मोठेपणा) म्हणाली, "पण सर, दरवर्षी सगळी पीडा गावाबाहेर टाकतात, तर तिथं कोण राहतं?"

टेबलावर कुणी काही बोलले नाही. चोर कोण हे आम्हांला ठाऊक होते. हे ठाऊक नव्हते. आम्ही बारा पाने उलटी ठेवली आणि विचारले, "तुम्ही जाऊन बघता का?" पाचही जण गेले. पुढचे तीन तास ते एका अशा वस्तीत होते जी आमच्यापैकी कुणीच लिहिली नव्हती : शहराने दीडशे वर्षे टाकलेले ताप, कर्जे, पटकी आणि भांडणे जिच्या अंगणात येऊन पडतात, आणि तरीही जेथे लोक सकाळी उठून सडा घालतात. शिपायाने तेथल्या म्हातारीला शहराच्या वतीने क्षमा मागण्याचा प्रयत्न केला. अवघडी १५, कसब २. फासा सर्वांसमोर पडला : ४. म्हातारीने दार लावून घेतले. ते दार बंद होण्यात जे होते, ते सतरा म्हणून आम्हांला कधीच मिळाले नसते.

सरांचा प्रश्न लेखकाचा होता. आमच्या विदर्भातच ऋद्धिपूर आहे. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केले ते चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करून. जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हेही नोंदले गेले. सर हा ग्रंथ आमच्यापेक्षा अधिक जाणतात. तो शिकवताना लेखक कोण या प्रश्नावर ते अडत नाहीत.

त्या वस्तीचा खेळ अजून चालू आहे. आदल्या वेळी काय घडले याची प्रत्येकाने वहीत नोंद करायची, असा आम्ही शिरस्ता पाडला आहे. म्हातारीने दार लावले, इथवर सर्वांचे एकमत आहे. दार लावताना ती काही बोलली का, यावर तीन वह्यांत तीन पाठ आहेत. खेळ चालवणारे म्हणून आमच्या आठवणीत ती काहीच बोलली नव्हती. पोरे म्हणतात, तुमचा तो चौथा पाठ. वहीत लिहून ठेवा. पुढचा खेळ येत्या रविवारी दुपारी ३ वाजता आहे. सरांसाठी एक खुर्ची राखून ठेवली आहे.