वायर कापू नका

जुन्या स्पोर्ट्स कारचं दार उतरवायची वेळ आली की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला: "डीलरकडे टाक." दुसरा: "विकून टाक, नवी घे." तिसरा, जरा धाडसी: "वायरी काप, नंतर जोडता येतात." तिन्ही सल्ल्यांशी माझं भांडण आहे, आणि ते फक्त गाडीपुरतं नाही.

माझदा मियाटाचंच उदाहरण घ्या. ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली आणि तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. त्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आज पंचविशी ओलांडून गेली आहे. बिजागऱ्या झिजल्या किंवा दाराच्या तळाशी गंज चढला, की दार उतरवावं लागतं. बोल्ट सुटतात. घोडं अडतं ते वायरींपाशी. खिडकीची मोटर, स्पीकर या सगळ्यांच्या वायरी एका रबरी नळीतून दारात शिरतात. दार उघडताना-मिटताना ही जुडी दर वेळी वाकते. आतल्या तांब्याच्या बारीक तारा वाकून वाकून कडक होतात आणि एकेक करून तुटतात. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मग दार एका ठरावीक कोनात असतानाच काच खाली येते, आणि लोक नव्या मोटरवर पैसे घालवतात.

आता कनेक्टर सोडवणं किती अवघड आहे ते पाहा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मियाटात बॅटरी बॉनेटखाली नसून मागे डिकीत असते. मग रबरी नळीचा माग काढत आत या. अशा बऱ्याच गाड्यांत हा जोड पायांजवळच्या बाजूच्या प्लास्टिक पॅनेलमागे सापडतो. हात लावण्याआधी फोटो काढा, प्रत्येक जोडावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. कनेक्टर ओढण्याआधी तो किंचित आत ढकला, म्हणजे कुलपाच्या जिभेवरचा ताण सुटतो. मग जीभ दाबा आणि प्लास्टिकचं अंग धरून ओढा. वायरी धरून कधीही ओढू नका. जुनं प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, तेव्हा हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या. दारात एअरबॅग असलेल्या नंतरच्या गाडीत मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.

झालं. यात पीएचडी लागते असं कुठलंच काम नाही. मला आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

उलट, वायरी कापल्या तर काय होतं? जितक्या वायरी तितके नवे जोड. ते डाग देऊन केले, तर वितळलेलं कथील तारांमध्ये शोषलं जातं आणि तिथे वायर ताठ होते. हा जोड वाकणाऱ्या भागात आला, की त्याच्या शेजारीच ती पुन्हा तुटते. म्हणजे तुम्ही दहा मिनिटं वाचवली नाहीत. ती पुढच्या माणसाच्या माथी मारलीत. त्या जिभेचा अर्थच मुळी हा आहे की गाडी आखणाऱ्याने गृहीत धरलं होतं, कुणीतरी हे पुन्हा उघडेल.

मग आपण का उघडत नाही? "माझा तास महाग आहे," हे उत्तर मला ठाऊक आहे. तो तास आपण फोनवर बोट फिरवण्यात किती सहज खर्चतो, हेही ठाऊक आहे. खरं कारण जुनं आहे आणि ते आपण सामानाबरोबर इथे आणलं आहे: हात काळे करणारं काम ते दुसऱ्यांचं. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आपण बोस्टनला आलो, सॅन होजेला आलो, पण ही विभागणी गॅरेजच्या दाराशी अजून उभी आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, आणि वर्षभर पाना-पक्कड हातात धरत नाही.

डीलरकडे गाडी नेणं हा गुन्हा नव्हे. प्रत्येकाला वेळ, जागा, धडधाकट पाठ असतेच असं नाही. पण काम न समजता बिल भरणारा माणूस कारागिराची कदरही करू शकत नाही आणि त्याला प्रश्नही विचारू शकत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गाडी दुरुस्तीच्या माहितीवरचा आपला हक्क मतपेटीतून मागून घेतला. दुसऱ्या वेळी सुमारे ७५ टक्के मतं बाजूने पडली. हक्क मिळवून द्यायला शेजारी पुढे आले. तो वापरायला तरी आपण पुढे या.

तुमची मुलं कोडिंगच्या वर्गाला जातात, उत्तम आहे. पण एका शनिवारी त्यांना गॅरेजमध्ये बोलवा. त्यांच्या हातात टॉर्च द्या. कनेक्टर आधी आत ढकलायचा, मग जीभ दाबायची, हे त्यांच्या बोटांना कळू द्या. आणि कुणी कात्री पुढे केली, तर ती परत खणात ठेवा.