कॅराव्हॅन घेऊन तुंगारेश्वरला निघालात, पण रात्री गाडी उभी कुठे करणार?

आचोळ्यापासून तुंगारेश्वर अभयारण्य जवळच आहे. पण कॅराव्हॅन नेली, तर मुक्काम जंगलात करता येईल का? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पर्यटकाला परवान्याशिवाय अभयारण्यात जाताही येत नाही आणि राहताही येत नाही. शिवाय इथे बिबट्यांचा वावर आहे.

मग जागा जंगलाबाहेरच शोधावी लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे.

खरी अडचण टाकीची. गाडीतल्या शौचालयाची घाण कुठेतरी रिकामी करावी लागते. महामार्गावरच्या ढाब्यासमोर गाडी फुकट लावता येईलही, पण तिथे ही सोय नसेल तर घाण शेवटी ओढ्यातच जाते. पावसाळ्यात तर आणखी लांबवर. त्यामुळे बुकिंगआधी वीज-पाण्याबरोबर मैला उपसण्याचीही चौकशी करावी. डोंगर दिसतो का, हे नंतर विचारलं तरी चालेल.