कागदातून गळालेली माकडे



जनुकाचे तंत्रज्ञान हवे की नको, हा वाद आपल्या सभांत वीस वर्षांहून जास्त काळ चालला आहे. एकाला त्यात राक्षस दिसतो, दुसऱ्याला कल्पवृक्ष. माझे म्हणणे असे की भांडण तंत्रज्ञानाशी नाही. ज्याच्या अंगावर किंवा वावरात ते येते त्याला पुरी माहिती मिळते की नाही, हा खरा मुद्दा आहे. तो पटावा म्हणून आज कपाशी बाजूला ठेवून माणसाच्या औषधाचे उदाहरण घेतो.

अमेरिकेत जेम्स विल्सन नावाचे डॉक्टर आणि जनुकशास्त्रज्ञ आहेत. काही मुले बिघडलेले जनुक घेऊनच जन्माला येतात. त्यांच्या पेशीत चांगले जनुक पोचवले तर रोग मुळातून जाईल, या एका विचारावर या माणसाने हयात घातली. जनुक न्यायचे कशात? विषाणूत. पेशीत शिरण्यात तो पटाईत. त्याच्यातला रोगाचा भाग काढायचा आणि औषधाचे जनुक भरायचे. गाडी तीच, माल दुसरा. कपाशीत बीटीचे जनुक पहिल्यांदा घातले तेव्हा ही हमाली मातीतल्या एका जिवाणूकडून करून घेतली होती.

1993 साली विल्सन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकोपचार संस्थेचे प्रमुख झाले. तिथल्या एका प्रयोगात जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा आला. प्रथिने पचताना अंगात अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया करते. हो, आपण पोत्याने विकत घेतो तोच युरिया. जेसीच्या यकृताला हे नीट जमत नव्हते. तरी पथ्य आणि गोळ्यांवर त्याचे बरे चालले होते. या प्रयोगातून त्याला स्वतःला गुण येणार नव्हता. पुढे जन्मणाऱ्या बाळांच्या उपयोगी पडावे म्हणून तो आला. 13 सप्टेंबर 1999 रोजी त्याच्या यकृतात विषाणू सोडला. अंगाने विषाणूविरुद्ध भयंकर उठाव केला. 17 सप्टेंबरला पोरगा गेला.

मग चौकशी झाली. अशाच प्रकारचा, जास्त तीव्र विषाणू दिलेली माकडे आधी दगावली होती. संमतीपत्राच्या पहिल्या मसुद्यात ते लिहिले होते, पण जेसीने सही केली त्या कागदातून माकडे गळाली होती. आधीच्या काही रुग्णांच्या यकृताला झालेला त्रास सरकारला वेळेवर कळवला नव्हता. शिवाय विल्सन यांनी स्वतः एक कंपनी काढली होती, तीत त्यांचा हिस्सा होता आणि ती कंपनी संस्थेला पैसा पुरवत होती. पैशाचा संबंध आहे अशी एक ओळ कागदावर होती, पण तो केवढा हे त्या ओळीवरून कळत नव्हते. 2005 मध्ये विद्यापीठाने चूक कबूल न करता 5 लाख 17 हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. माणसांवरच्या प्रयोगांचे नेतृत्व करायला विल्सन यांना 2010 पर्यंत मनाई झाली.

गोष्ट इथे संपत नाही. विल्सन यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या जातीचे, शरीराला कमी चिडवणारे विषाणू शोधण्याचे काम चालू राहिले. तिथे सापडलेल्या एका विषाणूवरच लहान बाळांच्या स्नायूंच्या जीवघेण्या रोगावरचे औषध उभे राहिले आणि 2019 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आणि 2018 मध्ये, याच जातीच्या विषाणूचा मोठा डोस दिल्यावर माकडाला आणि डुकराच्या पिलांना गंभीर इजा होते, हे विल्सन यांनीच छापून जगापुढे ठेवले. मोठ्या डोसची चिंता सांगून एका कंपनीचे सल्लागारपदही सोडले.

माणूस तोच, काम तेच, माकडेही तशीच. एकदा कागद गप्प राहिला, एकदा बोलला. एवढाच फरक, पण तो जिवाएवढा आहे.

कोणी म्हणेल, सगळे धोके सांगितले तर पुढे येणार कोण? हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याला विचारू नये. पावसाची हमी नसताना आपण तिफण धरतो. जोखीम घ्यायला आम्हाला शिकवू नका, जोखीम कोणती ते सांगा. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, चार पैसे हाती आले. हे नाकारणे खोटेपणा होईल. पण तेव्हा थैलीसोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची ती कशासाठी, हे बांधावर येऊन कोणी समजावले? 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा मात्र शेतकऱ्यांनीच पुडी पेरली नाही असा ठपका तयार होता.

हा विषय आता आपल्या घरात येतो आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण गावोगावी आहेत. त्यावरचा जनुक दुरुस्त करणारा उपचार अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झाला, किंमत 22 लाख डॉलर. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ नावाचा देशी उपचार जाहीर केला. आनंद आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही, आणि आंधळेपणाने दंड पुढे करण्याचेही नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरवू. बियाणे असो की औषध, आधीच्या चाचण्यांत काय फसले ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात द्या. शिफारस करणाऱ्याचा त्यात हिस्सा असेल तर किती, ते लिहा. आणि नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, त्याचे नाव त्याच कागदावर असू द्या.

एवढे लिहून द्या. मग घ्यायचे की नाही, ते आमचे आम्ही ठरवू.